आप्पांचं रिव्हॉल्व्हर ठेवावं की जमा करावं? तुमच्याकडे आहेत का अशी आठवणीची हत्यारं

केळीवाला_चोपडा:

नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहू लिहू करत होतो, आज बसलोच. आमच्या घरी आजोबांचं, आम्ही सगळे त्यांना आप्पा म्हणायचो, एक जुनं वेबली रिव्हॉल्व्हर आहे, .३२ बोअरचं, सहा गोळ्यांचं, मधून मोडून उघडतं ते. लायसन १९६८ चं. जळगावच्या एका दुकानातून सेकंडहँड घेतलेलं. तेव्हा कापूस एकाधिकार योजना, म्हणजे सगळा कापूस सरकारनेच घ्यायचा ती, आली नव्हती, ती १९७२ ला आली, त्यामुळे जिनवाल्याकडून कापसाचा पैसा रोख मिळायचा आणि आप्पा संध्याकाळी बैलगाडीने एकटेच घरी यायचे, म्हणून घेतलं असं वडील सांगतात.

मला आठवतं ते वेगळंच. खंडेनवमीला आप्पा ओसरीवर पेपर पसरायचे, शिलाई मशीनच्या तेलाची बाटली, जुन्या धोतराचं फडकं, आणि मग डाव्या अंगाला अंगठ्याने ती कळ दाबायचे. खट्. नळी खाली पडायची आणि काडतुसं बाहेर ढकलणारी मागची चांदणी वर यायची. तो आवाज मला आजही झोपेत ओळखता येईल. आम्हा पोरांना सहा भोकं मोजायला लावायचे, रिकामी आहेत ना बघा म्हणायचे, आणि कोणी हात लावायला गेलं की एकच वाक्य, "पोऱ्या, हाई खेयनं नही शे", म्हणजे पोरा, हे खेळणं नाही. मग हळदकुंकू, झेंडूचं फूल, आणि बाजूला पेपरवर भाकरीचा एक तुकडा ठेवायचे. हत्याराला नैवेद्य असेल असं आम्ही समजायचो. एरवी वर्षभर ते लोखंडी पेटीत.

आप्पा २०१० ला गेले. वडिलांच्या नावावर लायसन व्हायला दोन वर्षं लागली, तोवर एका दुकानात जमा होतं, परत आलं तेव्हा नळीवर बोटांच्या ठशासारखे गंजाचे डाग. वडील त्या दिवशी जेवले नाहीत नीट.

आता वडील ७१ चे झालेत, म्हणतात तुझ्या नावावर कर नाहीतर देऊन टाक, माझ्याने रिन्यूअलच्या चकरा होत नाहीत. पुण्याचा मोठा भाऊ म्हणतो सरेंडर करा, काय करायचंय, दर इलेक्शनला पोलीस स्टेशनला जमा करा आणि परत आणा, हेच ना. बहीण म्हणते तू ठेव. आणि यात अजून एक भर, आईचे वडील म्हणजे आमचे नाना, अमळनेरचे, फौजेत होते, त्यांचं पण एक रिव्हॉल्व्हर मामांकडे आहे, .३८ एनफिल्ड. मामा ७४ चे, त्यांच्या मुलाला नको. मामा म्हणतात तुला एवढं प्रेम आहे तर तूच घे.

माझं मन असं आहे की दोन्ही आजोबांची दोन्ही जपावीत. चालवायची नाहीत, विकायची नाहीत, नुसती त्यांची म्हणून. पण हे असं आठवणीसाठी म्हणून ठेवता येतं का, आणि तुमच्यापैकी कोणी ठेवलंय का, कसं सांभाळता, आणि खरंच ठेवण्यात काही अर्थ वाटतो का वर्षं गेल्यावर, हे मनापासून सांगा. विक्रीवाल्यांनी कृपया मेसेज करू नका.


वरणगावकर:

दादा, वाचून बरं वाटलं. मी वरणगाव फॅक्टरीतून रिटायर झालो, आयुष्य काडतुसांत गेलं. आमच्याकडे फौजेच्या रायफलींचा दारूगोळा, तुमच्या .३२ चं काडतूस खडकीचं असतं, बुडावर केएफ लिहिलेलं दिसेल. कायद्याचं वकील लोक सांगतील, मी लोखंडाचं सांगतो.

पहिलं विचारतो, हे ठेवता कशात? चामड्याच्या केसमध्ये ठेवलं असेल तर आजच बाहेर काढा. लोकांना वाटतं चामडं म्हणजे चांगलं राखण, पण चामडं कमावताना वापरलेली रसायनं त्यात राहतात आणि पावसाळ्यात ते ओल धरतं, बरोबर केसचा कडा लागतो तिथेच गंज चढतो. केस वेगळं ठेवा, हत्यार वेगळं. आणि पट्ट्याच्या घरांत जुनी काडतुसं खोचलेली असतील तर त्यांच्या पितळेवर हिरवट चिकटा आलेला असणार, बघा. तो चिकटा पितळ खातो. असली काडतुसं झाडायची नाहीत, घासायचीही नाहीत, फेकायची तर अजिबात नाहीत, दुकानदाराकडे किंवा पोलीस स्टेशनला रीतसर जमा करून पावती घ्यायची. आधी मोजा मात्र. लायसनच्या बुकात काडतुसं किती घेतली ते लिहिलेलं असतं, त्याच्याशी जुळली पाहिजेत, नाहीतर उद्या तुम्हालाच कोणी विचारेल.

ते गंजाचे डाग. सँडपेपर लावू नका, बफिंग तर कोणी फुकट करून देतो म्हटलं तरी नको. त्या निळसर काळ्या रंगाला ब्लूइंग म्हणतात, तो रंग म्हणजे वरून दिलेला पेंट नाही, पोलादाचीच साय आहे, एकदा गेली की गेली, आणि बर्मिंगहॅमचे शिक्के पण त्यातच घासून जातात. गन ऑइल लावून एक दिवस ठेवायचं, मग मऊ फडक्याने पुसायचं, असं चार-पाच वेळा. वरवरचा लाल गंज सुटतो, खोल खड्डा राहतो, राहू द्या. आप्पा मशीनचं तेल वापरत होते ते बरोबरच होतं, पातळ खनिज तेल आहे ते. खोबरेल लावणारे खूप बघितले, ते काही महिन्यांत गोंदासारखं होतं आणि आपल्याकडच्या मे महिन्यात तर पेटीत भट्टीच असते.

नळीत आतून खड्डे असतील तर ते दुकानाचं पाप नसेलही. जुन्या काडतुसांच्या टोपीत जे क्षार असायचे ते फैर झाल्यावर नळीत राहायचे, मिठासारखे, हवेतलं पाणी ओढायचे, त्या दिवशी साफ नाही केली तर नळी गेलीच. बॅटरीच्या उजेडात बघा, अर्थात सिलिंडर रिकामा आहे हे दोनदा बघून.

आणि ते उघडलेलं रिव्हॉल्व्हर मनगटाने झटका देऊन बंद करायचं नाही. दोन्ही हातांनी, हळू. रिकामा घोडा पाडू नका, तुमच्या वेबलीत काडतुसावर आपटणारी टाचणी घोड्यालाच असते, तुटली तर पार्ट शोधत फिराल.


कोर्टकचेरी_धुळे:

मी धुळ्याला प्रॅक्टिस करतो, लायसनची कामं बरीच केलीत. मुद्द्याचं सांगतो.

तुमच्या आप्पांच्या .३२ चं काम सरळ आहे. आर्म्स रूल्स २०१६ चा नियम २५ बघा. लायसनधारक वारल्यावर वारसाला लायसन देता येतंच, पण हयातीतही देता येतं, धारकाला ७० वर्षं पूर्ण झाली किंवा हत्यार जवळ ठेवून २५ वर्षं झाली, यातलं जे आधी होईल तेव्हा. वडील ७१ चे, म्हणजे ते स्वतः सही करून तुमच्या नावाला संमती देऊ शकतात. हे आत्ताच करा. वडिलांच्या माघारी करायला गेलात तर आधी हत्यार जमा, मग वारसाचा दाखला, मग भावाबहिणीचं ना-हरकत, आणि तोवर पुन्हा तीच दोन वर्षं आणि तेच गंजाचे डाग. ना-हरकत आताही लागेलच, भावाला सरेंडर करायचं असेल तर त्याच्याशी नीट बोलून घ्या, त्याच्या सहीवाचून अडेल.

जळगाव कलेक्टर ऑफिसला गृह शाखा आहे, तिथे फाईल जाते. पोलिसांचा अहवाल, मेडिकलचा फॉर्म एस-३, आणि शस्त्र हाताळायचं ट्रेनिंग घेतल्याचं सर्टिफिकेट, फॉर्म एस-१. ट्रेनिंगला लोक नाक मुरडतात पण मी म्हणतो ते करावंच, भले तुम्हाला कधी झाडायचं नसेल.

किती ठेवता येतात, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोन. आधी तीन होती. वारसाहक्काने आलं असलं तरी दोनच्या वर नाही. त्यामुळे परदेशात लोकांच्या भिंतीवर दहा-पंधरा रिव्हॉल्व्हर टांगलेली बघून आपण तसं कलेक्शन करू म्हणाल तर आपल्याकडे ते नाही. दोन आजोबा, दोन हत्यारं, तुमचा कोटा तेवढाच. लायसनची मुदत त्याच दुरुस्तीत तीनवरून पाच वर्षं झाली, म्हणजे चकरा थोड्या कमी.

आता नानांचं .३८. इथे अडचण आहे. .३८ आणि .४५५ ही रिव्हॉल्व्हरं प्रोहिबिटेड बोअरमध्ये, म्हणजे सामान्य माणसाला बंदी असलेल्या नळीच्या मापात, धरतात, .३०३ रायफल, ९ एमएम पिस्तूल पण त्यातच. याचं लायसन कलेक्टर देत नाही, दिल्लीला गृह मंत्रालयात जातं. आधी मामांच्या लायसनवर बोअर काय लिहिलाय आणि ते कोणी दिलंय हे डोळ्यांनी बघा, ऐकीव माहितीवर जाऊ नका. आणि कितीही जवळचे असले तरी मामांनी ते तुमच्या हातात देऊन तुम्ही गाडीत टाकून चोपड्याला आणलं असं करू नका. विनापरवाना बाळगल्याला कैदेची शिक्षा आहे, आजोबांचं होतं हे कोर्टात चालत नाही.

अजून एक गैरसमज मी रोज ऐकतो, ते बंद पडलंय मग लायसन कशाला. कलम ४५ मध्ये सूट आहे ती जुन्या पद्धतीच्या किंवा मोडक्या अशा हत्याराला जे दुरुस्त करूनही चालणार नाही. दुरुस्त करूनही, हा शब्द महत्त्वाचा. स्प्रिंग तुटलीय म्हणून ते शोभेची वस्तू होत नाही.


तापीकाठ:

मी शहाद्याची. तुमची पोस्ट दोनदा वाचली.

माझे वडील वनखात्यात होते, रेंजर, नोकरी सगळी सातपुड्यात, तळोदा, अक्राणी, त्या बाजूला. त्यांचं स्वतःचं .३२ रिव्हॉल्व्हर होतं, कानपूरचं, आपल्या सरकारी कारखान्यातलं. इंग्लंडचं नाही, जुनं म्हणावं इतकं जुनंही नाही, विकायला गेलं तर लोक बघणारही नाहीत. पण त्याच्या मुठीवर उजव्या बाजूला एक खाच आहे. वडिलांच्या हातात चांदीची अंगठी होती, ती वर्षानुवर्षं तिथेच घासून घासून लाकडात बारीक चंद्रकोरीसारखी खाच पडली. मी मूठ धरली की माझं बोट त्या खाचेत जात नाही, माझा हात लहान आहे, खाच जरा खाली राहते. दरवेळी तेवढं जाणवतं की हात त्यांचा होता.

आम्ही दोघी बहिणीच. वडील गेल्यावर काका लोक म्हणाले, पोरीच्या नावावर हत्यार कशाला, चुलतभावाच्या नावावर करू. मी म्हटलं वारस मी आहे. आणि नियमात मुलगी वारस असतेच, त्यात कुठे काही वेगळं लिहिलेलं नाही. चौदा महिने लागले. पोलिसांनी विचारलं ताई तुम्हाला धोका आहे का कोणाकडून, मी म्हटलं नाही, वडिलांचं आहे म्हणून पाहिजे, आणि साहेबांनी तसंच लिहून घेतलं.

ट्रेनिंगला गेले तेव्हा पहिल्यांदा कळलं की वडील जे करायचे ते सगळं नियमाने करायचे. घरात आले की आधी काडतुसं काढायची, ती देवघरामागच्या फडताळात कुलपात, रिव्हॉल्व्हर आईच्या खोलीतल्या कपाटात, दोन कुलपं, दोन किल्ल्या, एकीची किल्ली आईकडे. लहानपणी आम्हाला वाटायचं बाबांचा आईवर विश्वास म्हणून किल्ली दिलीय. ते होतंच, पण शिकवणारा पण हेच सांगत होता, हत्यार आणि काडतूस एका जागी नाही.

तुम्ही विचारलंत वर्षं गेल्यावर अर्थ वाटतो का. नऊ वर्षं झाली. हो वाटतो. पण मी एक काम अजून केलं ते तुम्हीही करा. एका दोनशे पानी वहीत सगळं लिहून ठेवलं, कधी घेतलं, कोणत्या कॅम्पवर बरोबर होतं, आई काय सांगते, आईच्या शब्दांत. कारण माझ्या मुलीला खाच दिसेल, अंगठी दिसणार नाही.


भुसावळ_जंक्शन:

मी दुसऱ्या बाजूचं सांगतो, राग मानू नका.

माझ्या वडिलांचं होतं, ते रेल्वेत होते. ते गेले तेव्हा मी दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये, पोरं सहा आणि चार वर्षांची, मोठा तर असा की कपाटावर चढून साखरेचा डबा काढायचा. मी बायकोशी बोललो, तीन रात्री झोप नाही, आणि मग जमा करून टाकलं कायमचं. दुसऱ्या लायसनवाल्याला विकता आलं असतं, ते मन झालं नाही. मला त्याचा पश्चात्ताप नाही, आजही त्याच परिस्थितीत तेच करीन. घरात लहान पोरं आणि कुलपाची नीट सोय नाही तर आठवण वगैरे सगळं नंतर.

वडिलांचा चामड्याचा पट्टा, रिकामं केस आणि रद्द झालेलं लायसनचं बुक ठेवलंय. बुकात त्यांचा तरुणपणीचा फोटो आहे, काळ्या टोपीतला, आमच्याकडे त्या वयातला तेवढा एकच फोटो. दर रिन्यूअलचा शिक्का आणि तारीख, त्यांची सही कशी बदलत गेली ते दिसतं, शेवटची सही हात थरथरत असताना केलेली. मला विचाराल तर ते बुक बघून जास्त भरून येतं.

एकच राहिलं. जमा करायला गेलो त्या दिवशी फोटो काढायला पाहिजे होता हत्याराचा. घाईत नाही काढला. आता मुठीचा रंग काळा होता की चॉकलेटी यावरून मी आणि माझी बहीण भांडतो. दादा, काहीही ठरवा पण आज फोटो काढून ठेवा, दोन्ही बाजूंनी, जवळून, आणि इंटरनेटवर टाकू नका, नंबर दिसतो.


जुनं_लोखंड:

कोर्टकचेरी साहेबांनी दोनची मर्यादा सांगितली ते बरोबर आहे आणि म्हणूनच मी हत्यारं जमवत नाही, त्यांची माहिती जमवतो, वीस वर्षं झाली, शिंदखेडा, साक्री, पारोळा, जिथे कोणी म्हणालं आमच्याकडे जुनं आहे तिथे जाऊन बघतो, शिक्के उतरवून घेतो, घरच्यांकडून गोष्ट ऐकतो.

केळीवाला भाऊ, तुम्हाला एक गोष्ट माहीत नसेल. तुमच्या दोन आजोबांची ही दोन रिव्हॉल्व्हरं एकमेकांची भावकी आहेत. पहिल्या महायुद्धात इंग्रज फौजेकडे वेबलीचं .४५५ होतं, दणकट पण हात झिणझिण्या आणणारं, नव्या भरतीच्या पोरांना ते सांभाळायला वेळ लागायचा. युद्धानंतर सरकारला हलकं पाहिजे होतं, .३८ चं. वेबलीने आपलं मार्क फोर बनवून दिलं. सरकारने ते बघून थोडे फेरफार करून आपल्याच एनफिल्डच्या कारखान्यात बनवायला घेतलं, आणि १९३२ ला एनफिल्ड नंबर टू म्हणून फौजेत घेतलं. वेबली कंपनी कोर्टात गेली, दावा फेटाळला, पण पुढे रॉयल कमिशनने १२५० पौंड दिले. आणि मग दुसरं महायुद्ध आलं, एनफिल्ड कमी पडायला लागली, तेव्हा त्याच सरकारने वेबलीकडून मार्क फोर घेतली. दोन्ही समोरासमोर ठेवली तर जुळ्यांसारखी दिसतात पण एकाचा पार्ट दुसऱ्याला बसत नाही. तुमचं .३२ वेबली मार्क फोर असेल तर ते त्याच घराण्यातलं, नागरिकांसाठी .३२ मध्ये बनवलेलं.

आता बघायचं काय ते सांगतो. तुमच्या वेबलीच्या अंगावर कुठेतरी पंख असलेल्या गोळीचं चित्र आहे का बघा, ती त्यांची खूण. युद्धाच्या काळातल्या .३८ वेबलीवर वॉर फिनिश असं ठोकलेलं असतं, म्हणजे घाईत बनवलंय, पॉलिश कमी आहे, कंपनीला आपल्या नावाची लाज राखायची होती म्हणून तसं लिहिलं. मामांकडचं बघाल तेव्हा त्यावर बाणाचं टोक शोधा, तो सरकारी मालाचा शिक्का. दोन बाण टोकाला टोक लावून असले तर सरकारने ते फौजेतून रीतसर विकलं. तसं दिसलं तर नानांना ते कसं मिळालं याचा धागा लागेल.

आणि घोड्याला मागे शेपूट आहे का, अंगठ्याने ओढायची? १९३८ पासून एनफिल्डने ती काढून टाकली, रणगाड्यातल्या लोकांचा घोडा आत उतरताना कुठेही अडकायचा म्हणून. पण शेपूट नाही म्हणजे नाना रणगाड्यात होते असं मात्र समजू नका, पुढे बहुतेक सगळीच तशी बनली आणि जुनीही तशी करून घेतली.

हे मी मुद्दाम लिहितोय कारण आपल्या भागात गोष्टी फार लवकर चिकटतात. आमच्याकडे शिंदखेड्याला कुठलंही जुनं हत्यार निघालं की ते चिमठाण्याचं. १४ एप्रिल १९४४ ला चिमठाण्याजवळ सरकारी खजिना लुटला गेला, साताऱ्याची आणि खान्देशची माणसं त्यात होती, आमच्यासाठी ती अभिमानाची गोष्ट आहे आणि म्हणूनच मला राग येतो जेव्हा कोणी साध्या हत्याराला ती चिकटवून किंमत वाढवतं. एका घरी मला सांगितलं हे चिमठाण्याला वापरलं, मी उघडून बघितलं तर कानपूरचा शिक्का, म्हणजे स्वातंत्र्यानंतरचं. घरातली म्हातारी बाई बाजूला बसली होती, ती म्हणाली, अरे ते तर माझ्या सासऱ्यांनी ज्वारीचे पैसे आले तेव्हा घेतलं. ज्वारीच्या पैशाने घेतलेलं हत्यार मला जास्त आवडलं.

तर भाऊ, मोठी गोष्ट शोधू नका. वडील आहेत तोवर त्यांना विचारा. मी कितीतरी घरी एक वर्ष उशिरा पोचलोय.


कोर्टकचेरी_धुळे:

भुसावळ दादांनी जे केलं ते पूर्ण कायदेशीर आणि शहाणपणाचं आहे, कोणी त्यांना बोलू नये. २०१६ च्या नियमांत हत्यार निष्क्रिय करून घेण्याची पण तरतूद आहे, पण ते अधिकृत ठिकाणीच, सर्टिफिकेट घेऊन. गावातल्या वेल्डरकडे नळीत शिसं ओतून आणलं, हे निष्क्रिय नव्हे. आणि मी तरी चांगल्या वेबलीचं तसं करू नका म्हणेन, लायसन मिळत असताना.

एक राहिलं. खंडेनवमीला पूजा करा, पण लग्नाच्या वरातीत कोणी म्हणालं काढ रे आप्पांचं, एक हवेत होऊ दे, तर नाही म्हणा. २०१९ पासून तो वेगळा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, आणि लायसन तर जाईलच.


केळीवाला_चोपडा:

सगळ्यांचे आभार, खरंच. आठ दिवस झाले, सविस्तर लिहितो.

रविवारी वडिलांना बसवलं ओसरीवर. वरणगावकर काकांनी सांगितलं तसं, पेपर पसरला, पेटी काढली. रिव्हॉल्व्हर चामड्याच्या केसमध्येच होतं, काका, तुम्ही म्हणालात तिथेच, बरोबर केसच्या तोंडाशी गंज आहे, म्हणजे सगळा दोष त्या दुकानाचा नव्हता, इतकी वर्षं आम्ही उगाच त्यांना बोल लावत होतो. पंखवाली गोळी सापडली. नंबर लायसनशी जुळला. मी फोटो काढले, चौदा.

मग काडतुसं. पट्ट्याच्या घरांत होती, हिरवा चिकटा, दोन तर चामड्याला चिकटून बसलेली. आप्पांच्या जुन्या बुकात नोंद आहे, १९६८ ची, नग दहा. त्यानंतर खरेदीची एकही नोंद नाही. पट्ट्यात मोजली तर नऊ. दोनदा मोजली, पेटी उलटी केली, कागद झटकले. नऊच.

मी वडिलांना म्हटलं, बाबा एक कमी आहे. ते काही बोलले नाहीत, चष्मा काढून पुसत बसले. मला वाटलं ऐकू आलं नाही म्हणून परत विचारलं. मग सांगितलं. आप्पांचा एक कुत्रा होता, मोत्या, केळीच्या बागेतच राहायचा, रात्री पाण्याची पाळी असली की आप्पांच्या पुढे पुढे चालायचा. १९७४ साली पिसाळला. वडील तेव्हा कॉलेजात होते, सुट्टीला आलेले. गावातले लोक काठ्या घेऊन निघाले बागेकडे. आप्पा म्हणाले तुम्ही थांबा, तो माझा आहे, काठ्यांनी नाही. एकटे गेले. एक आवाज झाला. मग संध्याकाळपर्यंत आले नाहीत, खड्डा त्यांनीच खणला, वडील पाणी घेऊन गेले तर माती सारखी करत होते. त्यानंतर त्यांनी ते कमरेला कधी लावलं नाही. कापसाचा पैसा आणायला जाताना पण नाही. तोवर एकाधिकार आलीच होती म्हणा, पण वडील म्हणतात ते कारण नव्हतं.

मी विचारलं, मग खंडेनवमीला ती भाकरी? वडील म्हणाले, "तो तं मोत्याना वाटा व्हता."

पन्नास वर्षं झाली आणि आम्हाला कोणाला माहीत नव्हतं. आईला पण नव्हतं. मी त्याच रात्री पुण्याला भावाला फोन केला, काही पटवायला नाही, नुसतं सांगायला. तो बराच वेळ गप्प होता आणि मग म्हणाला ना-हरकत पाठवतो.

तापीकाठ ताई, वही आणली. पहिल्या पानावर हेच लिहिलं, वडिलांनी सांगितलं तसंच त्यांच्या अहिराणीत. काडतुसं सोमवारी नऊच्या नऊ जमा केली, पावती घेतली, जी एक कमी होती ती पण अर्जात आहे तशी लिहिली.

नानांचं विचाराल तर अमळनेरला जाऊन आलो. लायसनवर .३८ च आहे आणि दिल्लीचंच आहे. घोड्याला शेपूट नाही. दोन बाण टोकाला टोक लावून आहेत, जुनं_लोखंड साहेब, दिसले तेव्हा अंगावर काटा आला. ते आत्ता मामांकडेच राहील, मामा म्हणाले मी आहे तोवर मीच सांभाळतो, तू कागद बघ, मिळालं तर मिळालं. नाही मिळालं तर मामांच्या बुकाचे फोटो काढून ठेवलेत. नानांबद्दल मामांना रोज थोडं थोडं विचारतोय फोनवर.

उद्या जळगावला गृह शाखेत जातोय. वकील साहेब, बहिणीचं ना-हरकत तिच्या सासरी नाशिकला नोटरी केलं तर चालेल ना, तिला इकडे यायला आखाजीपर्यंत जमत नाहीये.


कोर्टकचेरी_धुळे:

चालेल. मूळ प्रत जोडा, झेरॉक्स नको. आणि तिच्या आधारची कॉपी बरोबर ठेवा.


वरणगावकर:

दादा, केस फेकू नका हं, नुसतं वेगळं ठेवा. सुक्या जागी, जुन्या सुती कापडात गुंडाळून. आप्पांच्या धोतराचं फडकं शिल्लक असेल तर त्यातच.